स्टिकर गाडीचा की सभासदाचा?

पुण्यात नाना पेठेत आमचं रेडियम-स्टिकरचं दुकान आहे. प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्यांच्या एका क्लबाने त्यांचा स्टिकर नव्याने करायचं काम आम्हाला दिलं. जुन्या स्टिकरवर अख्खी गाडी, भोवती गोलाकार नाव, खाली ब्रीदवाक्य, सगळं तीन इंचांत. रेषा एक मिलिमीटरच्या आत गेली की प्लॉटर (स्टिकर कापायचं यंत्र) कापतो खरा, पण कडेचं विनाइल, म्हणजे स्टिकरचा प्लास्टिक कागद, सोलताना ती सोबत उपटून येते. म्हणून मी फक्त समोरचा चेहरा ठेवला: दोन गोल दिवे आणि मधली जाळी. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून कुर्ल्याला बनू लागलेली ही गाडी पुढे पद्मिनी झाली, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. त्यांना नाव वाचायची गरजच नाही.

रविवारी सकाळी क्लबाचे लोक तळजाई टेकडीवर जमले होते, तिथे नमुने घेऊन गेलो. गाडीच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आल्यापासून पोलीस काचा बघतात, आकार वाढवू नका, असं एक काका बजावत होते. तेवढ्यात हडपसरचा एक मुलगा फिकट निळी पद्मिनी घेऊन आला. मागच्या काचेवर क्लबाचा जुना स्टिकर, लाल रंग उन्हाने गुलाबी पडलेला. मुलगा सभासद नव्हता. गाडी त्याने एका जुन्या सभासदाकडून घेतली होती.

"स्टिकर सभासदाचा असतो, काढावा लागेल," सचिव म्हणाले. कोणीतरी ब्लेड काढलंसुद्धा.

"काका, देताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, बाकी काहीही बदल, हा राहू दे."

सगळे गप्प झाले. सचिवांचंही चुकत नव्हतं. रस्त्यात गाडी बंद पडली की हाच स्टिकर बघून दुसरा सभासद थांबतो, कार्ब्युरेटरचा सुटा भाग कुठे मिळेल ते सांगतो. वर्गणी न भरता ती खूण मिळाली तर सभासदत्वाला अर्थ काय? पण ज्या माणसाने इतकी वर्षं गाडी जपली, त्याचा शिक्का ब्लेडने खरवडायचा हे मला सहन होईना.

मी म्हटलं, "दोन भाग करू. चेहरा गाडीचा, तो कायम राहील. खाली वेगळी अरुंद पट्टी, तिच्यावर सभासद क्रमांक आणि वर्ष. ती सभासदाची. दर एप्रिलला नवी, दर वर्षी वेगळा रंग, गाडी विकली की सोलून टाकायची." पट्टी काचेच्या आतून लागेल, पारदर्शक विनाइलवर उलटं छापून मागे पांढरा थर द्यायचा, म्हणजे पावसाचा आणि फडक्याचा त्रास नाही, हेही समजावलं.

सचिवांनी नमुना काचेला धरून पाहिला, दहा पावलं मागे गेले, परत आले आणि मुलासमोर अर्ज ठेवला. त्याने बॉनेटवरच तो भरला. जुन्या मालकांचाच क्रमांक मिळेल का, असं त्याने विचारलं. सचिव नाही म्हणाले: तो क्रमांक त्यांचा, दुसऱ्या कुणाला जाणार नाही. मुलालाही ते पटलं. या वर्षीची पट्टी पिवळी ठरली आहे.