बाटलीवरची शेवटची ओळ

फोंड्याहून येणारी बस बाणस्तारीच्या पुलावर अडकली की लॅबला पोचेपर्यंत साडेदहा वाजतात. त्या दिवशी धो धो पाऊस असूनही मी नऊला हजर. आदल्या दिवशी लावलेली प्लेट बघायची होती.

टीएनएफ-अल्फा म्हणजे प्रतिकारपेशी धोक्याची वर्दी द्यायला सोडतात ते प्रथिन. उंदराच्या टीएनएफला धरणारी एमपी६-एक्सटी२२ ही अँटिबॉडी आमच्या फ्रीजमध्ये होतीच. ती किती घातली की टीएनएफ निकामी होतो, एवढंच मला काढायचं होतं. त्यासाठी उंदराच्या एल९२९ पेशी लावतात. अ‍ॅक्टिनोमायसिन-डी (पेशीचं आरएनए बनणं थांबवणारं औषध) सोबत असलं की टीएनएफच्या जराशा मात्रेनेही त्या मरतात. अँटिबॉडीने टीएनएफला आधीच धरलं, तर वाचतात. शेवटी क्रिस्टल व्हायोलेट हा रंग. जिवंत पेशी तळाला चिकटून जांभळ्या दिसतात, मेलेल्या धुण्यात वाहून जातात.

अँटिबॉडी वाढेल तसा जांभळा रंग गडद व्हायला हवा होता. मधल्या वेलपर्यंत (वेल म्हणजे प्लेटमधली छोटी वाटी) तसा झालाही. पुढे सगळ्यात जास्त मात्रेकडे मात्र तो पुन्हा फिका! मी पार्सलवर खापर फोडलं: आईस पॅक वितळून आला असणार. (पावसाळ्यात हे कारण कुणालाही पटतं.)

मॅडमना नाही पटलं. "नुसती अँटिबॉडी घातलेल्या वेल कुठे आहेत?"

नव्हत्याच. जागा वाचवायला मी त्या गाळल्या होत्या.

दुसऱ्या प्लेटमध्ये त्या लावल्या, सोबत आयसोटाइप कंट्रोलही, म्हणजे आमच्या अँटिबॉडीसारखीच रॅटपासून (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरापासून) मिळवलेली, त्याच आयजीजी१ प्रकारची, पण टीएनएफला न ओळखणारी अँटिबॉडी. टीएनएफचा थेंब नाही, तरी दोन्हीकडे जास्त मात्रेच्या वेल फिक्या. मग बाटल्या हातात घेतल्या. दोन्ही लेबलांवर बारीक अक्षरात शेवटची ओळ: ०.०९ टक्के सोडियम अझाइड.

अझाइड जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. पण ते पेशीचा श्वासही कोंडतं, मायटोकॉन्ड्रियातलं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एन्झाइम अडवून. वरच्या मात्रेसाठी मी बाटली जेमतेम दहापट पातळ केली होती. याच बाटलीने आमच्या सीनियरने फिक्स केलेल्या, म्हणजे रसायनाने आधीच मारून टिकवलेल्या, पेशींत टीएनएफ छान दाखवला होता; पण मेलेल्याला विषाचं काय!

क्लोन तोच, म्हणजे अँटिबॉडी तीच, पण अझाइड नसलेली आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या कवचातलं विष) कमी असलेली बाटली मागवली. एंडोटॉक्सिन बघायचंच, कारण पुढे मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी वापरायच्या होत्या आणि त्या एंडोटॉक्सिनच्या स्पर्शाने स्वतःच टीएनएफ ओकायला लागतात. तीन आठवडे वाट पाहिली.

नवी प्लेट मॅडमनी खिडकीच्या उजेडात धरली. डावीकडे पांढरं, मग फिकट, मग वांग्याच्या सालीसारखं गडद, शेवटच्या वेलपर्यंत.

"बरं आलंय. अजून दोनदा कर."

चवथ पाच दिवसांवर आली होती.