पार्लरमधली खोली भाड्याने घेताना

कर्वेनगरला एका पार्लरची मागची खोली मी फेशियल आणि बॉडी मसाजसाठी घेतली. पगार नाही, टक्केवारी नाही. महिन्याचं ठरलेलं भाडं, गिऱ्हाईक माझं.

भाड्याची घासाघीस नंतर. आधी गाळा कोणाचा ते विचारा. बऱ्याच पार्लरवाल्या ताई स्वतःच भाड्याने असतात आणि त्यांच्या करारात पोटभाडेकरूला मनाई असते. मूळ मालकाचं ना-हरकत पत्र हातात आलं, तेव्हाच मी डिपॉझिट दिलं.

खोली टेपने मोजा. बेड सहा फूट बाय सव्वादोन. डोक्याशी स्टूल घेऊन बसायला अडीच फूट आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट लागतात. नऊ बाय सातच्या खाली फेशियल जमतं, मसाज नाही. कोपर भिंतीला लागतं. मग प्लग बघा. सहा अँपियरचा पॉइंट साधारण 1400 वॅटपर्यंतच. त्यावर मल्टिप्लग लावून स्टीमर, वॅक्स हीटर आणि टॉवेल गरम करायचं कपाट एकदम चालवलं की सॉकेट तापून पिवळं पडतं. सोळा अँपियरचा एक पॉइंट मागून घ्या, तोही त्यांच्या खर्चाने. पाण्याची टाकी केवढी आहे तेही बघून ठेवा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात ते बहुधा गुरुवारी, आणि पॅक धुवायला पाणी लागतंच.

करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृतच करा, नोटरीवर भागवू नका. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के: भाडं 8,000, मुदत 11 महिने, डिपॉझिट 25,000 असेल तर 88,000 अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यावर जेमतेम सव्वादोनशे रुपये. नोंदणी फी 1,000, एजंटचे वेगळे. एजंट थंब मशीन घेऊन पार्लरमध्येच येतो. स्क्रब, वॅक्स आणि सततच्या ओल्या हातांनी आमच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. माझा अंगठा मशीन घेईना. हात साबणाने धुऊन, कोरडे करून तर्जनी लावली, तेव्हा घेतलं.

ताई जीएसटीत असतील तर भाड्यावर 18 टक्के वेगळे, हे आधीच बोलून घ्या. आपली उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर आपल्याला नोंदणी लागत नाही. शॉप ॲक्टला आपल्यासारखी थोडीच माणसं असली की ऑनलाइन सूचना पुरते. तिची पावती चालू खातं उघडताना कामी येते. त्या खात्याचा क्यूआर आपल्या खोलीत लावा. पैसे काउंटरवर जमा झाले की ते त्यांच्या उलाढालीत धरले जातात, आणि महिनाअखेरीच्या हिशोबात कटकट ठरलेली.

लग्नसराईत ताई ब्राइडल मेकअपसाठी हीच खोली मागतात. करारात वार आणि वेळ लिहा, शिवाय त्या दिवसांचं भाडं वजा होईल हेही. नोटीस दोन्हीकडून एक महिना. बेड, ट्रॉली, स्टीमर आपले असल्याची यादी सोबत जोडून दोघींच्या सह्या घ्या.