मशीनखालचा ट्रे: तेल पकडलं, पण पुढे न्यायचं कुठे?

मेंटेनन्सच्या कामात ज्या वस्तूकडे कोणी धड दोन मिनिटं बघत नाही ती म्हणजे मशीनखालचा ड्रिप ट्रे. गळतंय ना, मग ठेवा खाली काहीतरी, एवढ्यावरच विचार संपतो, आणि ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा कापलेला कॅन, वाकवलेला पत्रा नाहीतर जमिनीवर पसरलेला भुसा. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की तेल पकडणं हे अर्धंच काम झालं, पकडलेलं तेल तिथून बाहेर कसं जाणार हे ठरलेलं नसेल तर तो ट्रे आज ना उद्या सांडणारच.

आधी हिशोब बघा. तेलाचा एक थेंब साधारण 0.05 मिली धरला आणि सेकंदाला एक थेंब पडतोय असं मानलं तर दिवसाला 86,400 थेंब, म्हणजे चार लिटरच्या वर तेल, आणि वर्षाला जवळपास दीड हजार लिटर. दहा सेकंदांना एकच थेंब पडत असेल, जो उभं राहून बघताना लक्षातही येत नाही, तरी वर्षाला दीडशे लिटर होतात. आता खाली पाच लिटरचा ट्रे ठेवलाय आणि तो कोणीतरी आठवणीने उचलून रिकामा करणार आहे असं आपण धरून चाललोय. सुट्टी आली, शिफ्ट बदलली, तो माणूस रजेवर गेला की झालं. आणि भरलेला ट्रे मशीनखालून ओढून काढणं हे काम ज्याने केलंय त्याला माहितीय, अर्धं तेल तिथेच लवंडतं.

म्हणून ट्रेला ढाळ पाहिजे आणि ढाळाच्या खालच्या टोकाला ड्रेन पाहिजे. ऐकायला सोपं आहे पण यातच सगळ्या भानगडी आहेत. सपाट तळाचा ट्रे बनवून कोपऱ्यात सॉकेट, म्हणजे नळी जोडायचा आटेवाला तुकडा, वेल्ड केला की लोकांना वाटतं झालं काम, पण सॉकेटची कड तळाच्या वर आलेली असेल तर तेवढ्या जाडीचा तेलाचा थर कायम आतच राहतो, त्यात धूळ आणि पाणी बसून त्याचा चिखल होतो आणि मग तोच चिखल ड्रेन तुंबवतो. सॉकेट खालून लावायचा, कड तळाशी सपाट घासून घ्यायची, आणि ट्रे जागेवर बसवल्यावर पाणसळ लावून ढाळ खरंच ड्रेनच्या बाजूला आहे ना ते बघायचं, कारण जमीन क्वचितच सपाट असते. ड्रेनवर जाळी हवी, पण तळाला चिकटलेली चपटी जाळी नको, उंच उभी टोपीसारखी हवी म्हणजे खालून गाळ धरला तरी वरच्या बाजूने तेल जात राहतं.

वेल्डिंग तपासायला एक जुनी पद्धत आहे आणि ती अजूनही मला सगळ्यात खात्रीची वाटते. बाहेरून सगळ्या जोडांवर चुन्याचं पातळ पाणी मारून वाळू द्यायचं आणि आतून रॉकेल लावायचं. कुठे बारीक भोक असेल तर रॉकेल त्यातून झिरपून पांढऱ्या चुन्यावर डाग पाडतं. पाणी भरून जे भोक दिसत नाही ते यात दिसतं.

नळीच्या मापावरून नेहमी वाद होतो. हायड्रॉलिक ऑइल पातळ असतं, ते अर्ध्या इंचातूनही जाईल, पण गिअरबॉक्सचं जाड तेल थंडीत अजिबात पुढे सरकत नाही. डब्यावर व्हीजी 32, व्हीजी 320 असं जे लिहिलेलं असतं तो 40 अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीचा आकडा आहे, म्हणजे दुसरं तेल पहिल्यापेक्षा साधारण दहापट जाड, आणि तेही कोमट असताना. ट्रेमधून फक्त स्वतःच्या वजनाने वाहायचं असेल तर नळी एक इंचाच्या खाली घेऊ नये असं माझं मत आहे, आणि वाटेत कुठेही नळीला झोल पडू देऊ नये, कारण झोलात पाणी आणि गाळ साठतो आणि पुढचं सगळं अडतं. वळणावर एल्बोऐवजी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून एक तोंड प्लगने बंद ठेवलं तर नंतर तार घालून साफ करता येतं, त्या एका टीसाठी नंतर खूप दुवा मिळतात.

ट्रे कुठे ठेवायचा हाही प्रश्न आहेच. थेंब जिथे पडतोय तिथे गळती असते असं नाही, तेल पाइपवरून, बोल्टच्या डोक्यांवरून, बॉडीच्या कडेने सरकत सगळ्यात खालच्या बिंदूला येतं आणि तिथून पडतं, त्यात मोटरच्या पंख्याची हवा असेल तर तो थेंब अजून बाजूला जातो. आधी सगळं पुसून कोरडं करायचं, मशीन चालवायचं आणि बघायचं. हायड्रॉलिक लाइन असेल तर एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, दाबाखालच्या होजवर, म्हणजे लवचिक नळीवर, गळती हाताने चाचपू नका, हातमोजा घातलेला असला तरी नाही. सुईएवढ्या भोकातून येणारी धार कातडीतून आत शिरते, वरून फक्त बारीक टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि ते तातडीने शस्त्रक्रिया लागणारं प्रकरण असतं. प्रेशर सोडून द्यायचं, किंवा लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं.

काही गळत्या मुद्दाम ठेवलेल्या असतात हे नवीन पोरांना आधी शिकवलं पाहिजे. पंपाच्या ग्लँड पॅकिंगमधून, म्हणजे शाफ्टभोवती आवळून बसवलेल्या दोरीसारख्या भरावातून, थेंब थेंब पडायलाच हवं, त्यानेच पॅकिंग आणि शाफ्ट थंड राहतो, ग्लँड इतका आवळला की थेंब थांबला तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टवर चर पडतो. गाडीच्या वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं, आतला सील गेला की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून, आणि ते भोक एम-सील लावून बंद करणारे लोक असतात! हायड्रॉलिकच्या पिस्टन पंपाची केस (बाहेरचं कवच) ड्रेन लाइन तर माझ्या सगळ्यात आवडीची. पंपाच्या आत जी थोडी गळती होतेच ती गोळा करून टाकीत परत नेणारी ही लाइन, ती तुंबली की केसमधला दाब वाढतो आणि शाफ्ट सील बाहेर येतो, आणि तिच्यातून मिनिटाला किती तेल येतंय हे मोजत राहिलं तर पंप किती झिजलाय ते खोलून न बघता कळतं.

जहाजांवर तर ही गोष्ट किती गंभीरपणे घेतात ते बघण्यासारखं आहे. मोठ्या इंजिनांच्या हाय प्रेशर फ्युएल पाइपवर दुसरं आवरण असतं, आतला पाइप फुटला तर डिझेल बाहेर फवारण्याऐवजी त्या आवरणातून एका छोट्या टाकीत जातं आणि टाकीची लेव्हल वाढली की अलार्म वाजतो. सोलास, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियमांत हे सक्तीचं आहे, आणि 220 अंशांच्या वर तापणारे, गळतं इंधन ज्यांच्यावर पडू शकतं असे भाग इन्सुलेशनने झाकायचे हेही त्यातच येतं, कारण इंजिन रूममधल्या आगींचं एक मोठं कारण तापलेल्या एक्झॉस्टवर उडालेलं इंधन हेच आहे. जहाजाच्या अगदी तळाशी, बिल्जमध्ये, जे तेलकट पाणी साठतं ते सेपरेटरमधून काढूनच समुद्रात सोडता येतं आणि त्यात तेलाचं प्रमाण 15 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 15 भागांच्या, वर चालत नाही. थेंबाची किंमत कळायला हा आकडा पुरेसा आहे.

ट्रान्सफॉर्मरखाली खडी भरलेला खड्डा असतो तो पण मूळचा ड्रिप ट्रेच. टाकी फुटली तर तेल खडीतून खाली उतरतं, खडी ते थंड करते आणि हवा तोडते, त्यामुळे पेटलेलं तेलही खाली जाऊन विझतं. तेलाच्या टाक्यांभोवती सांडलेलं तेल अडवायला बांधलेल्या बंडभिंतीच्या आतल्या जागेला बऱ्याच ठिकाणी सगळ्यात मोठ्या टाकीच्या 110 टक्के माप धरतात. अडचण होते ती पावसाची. पाणी साठलं की जागा कमी होते म्हणून कोणीतरी ड्रेन व्हॉल्व उघडतो आणि तो तसाच राहतो, मग ज्या दिवशी टाकी फुटेल त्या दिवशी सगळं सरळ गटारात. व्हॉल्व कायम बंद, कुलूप लावून, आणि पाणी सोडताना माणूस तिथे उभा, याला पर्याय नाही. तेल पाण्यावर तरंगतं याचा फायदा घेऊन पाण्याचा पाइप तळातून वर वळवून काढला तर खालचं पाणी जातं आणि वरचं तेल अडतं, पण त्यासाठी खालचं पाणी कधीच सुकता कामा नये.

लेथ आणि मिलिंगवर कूलंट (कापताना थंड ठेवणारं पाणीमिश्रित द्रव) आणि स्लाइडचं, म्हणजे सरकत्या भागांचं, तेल एकाच ट्रेमध्ये येतं आणि तिथे मोठा घोळ होतो. तेलाचा थर कूलंटवर पसरतो, हवा आत जात नाही, आणि हवेशिवाय वाढणारे जंतू त्यात माजतात, सुट्टीनंतर मशीन चालू केलं की जो घाण वास येतो तो याचाच. बेल्ट किंवा डिस्क स्किमर लावा, तेल पट्ट्याला चिकटून वर येतं आणि पुसणीने खरवडून बाजूच्या कॅनमध्ये पडतं. स्किमर मशीन बंद असताना जास्त चांगला चालतो कारण तेव्हा तेल शांतपणे वर आलेलं असतं.

भुशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, वापरू नका. तो पाणीही पितो तेलही पितो आणि तेल प्यायला की स्वतःच जळण होतो. पॉलिप्रोपिलीनचे पांढरे पॅड तेल घेतात आणि पाणी सोडून देतात, ओल्या जागी तेच बरे, पण पॅड हा सांडलेलं टिपायला आहे, रोजच्या गळतीखाली कायमचा ठेवायला नाही.

ड्रेनची नळी शेवटी ज्या कॅनमध्ये जाते तो पारदर्शक घ्या आणि त्यावर मार्करने लिटरच्या रेघा मारा, दर आठवड्याला तारीख आणि लेव्हल लिहा. आठवड्याला अर्धा लिटर येणारं तेल दोन लिटरवर गेलं म्हणजे सील शेवटच्या टप्प्यात आहे आणि तुम्हाला ते ब्रेकडाउनच्या आधी कळलंय. तेल दुधाळ दिसलं तर कुठून तरी पाणी शिरतंय. हे जमलेलं तेल गाळून परत टाकीत ओतू नका, बारीक धूळ आणि पाणी साध्या जाळीत अडकत नाही आणि व्हॉल्वच्या आत जाऊन बसतं. आणि कॅनचं झाकण घट्ट लावून नळी आत खुपसली असेल तर झाकणाला हवा जायला एक भोक नक्की पाडा, नाहीतर आतली हवा बाहेर पडत नाही, तेल नळीतच थांबतं आणि ट्रे वरून भरून वाहायला लागतो.