तुम्ही विचारलंत म्हणून: नव्याण्णव खुर्च्यांचं गाव

इटलीहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय बघितलं, सगळ्यात जास्त काय आवडलं? मी म्हणते मोन्ते कास्तेल्लो दि व्हिबिओ. मग पुढचा प्रश्न ठरलेला: ते कुठे आलं? आणि तिसरा, अहो रोम झालं, फ्लोरेन्स झालं, मग त्या खेड्यात तीन तास घालवून काय मिळालं? नाटकाच्या ग्रुपवर तर चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच काढू.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी कोल्हापूरची, आणि सव्वीस वर्षं हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतेय. नोकरी वेगळी, पण संध्याकाळी सातनंतर मी कुठे सापडेन असं विचारलं तर घरचे एकच उत्तर द्यायचे, केशवराव भोसले नाट्यगृह. राज्य नाट्य स्पर्धेच्या किती रात्री तिथे लाइट लावण्यात गेल्या त्याची मोजदाद नाही. डाव्या विंगेतली कुठली फळी पाय पडला की वाजते ते आम्हाला पाठ होतं, नवीन पोरांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगायचो, ह्या फळीवर उभं राहू नको रे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळलं. ज्या गायक-नटाचं नाव त्याला दिलंय, त्या केशवरावांची दुसऱ्या दिवशी जयंती होती. मी बाहेर गर्दीत उभी होते आणि शेजारी कोण उभं आहे हेही मला कळत नव्हतं. त्याबद्दल ह्यापेक्षा जास्त लिहायला अजून जमत नाही.

माझी लेक पेरूजाला शिकते. पेरूजा म्हणजे इटलीच्या बरोबर मध्यात, उंब्रिया नावाचा प्रांत आहे, त्याची राजधानी. उंब्रियाला समुद्र नाही, सगळे डोंगर, ऑलिव्हची झाडं, आणि जवळजवळ प्रत्येक टेकडीच्या डोक्यावर एक तटबंदीचं गाव. मी गेल्यावर लेक म्हणाली, आई, असिसीला सगळेच जातात, तुला मी एक वेगळंच गाव दाखवते, पण तिथे काय आहे ते आधी सांगणार नाही. गाडी भाड्याने घेतली आणि शनिवारी सकाळी टायबर नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला निघालो. ही तीच टायबर बरं का, जी पुढे रोममधून जाते. इथे मात्र ती आपल्या पंचगंगेसारखी, शेतांच्या मधून निवांत वाहणारी. हायवे सोडला, फ्रात्ता तोदिना नावाचं पायथ्याचं गाव लागलं आणि तिथून वळणं वळणं घेत वर.

गाडी तटाबाहेर लावायची आणि वेशीतून चालत आत जायचं. पन्हाळ्यावर तीन दरवाज्यातून आत शिरताना अंगाला जो गारवा लागतो ना, तसाच. आत दगडी घरं, दोन माणसं शेजारी शेजारी चालली की भरून जाईल एवढी गल्ली, खिडक्यांत जिरेनियमच्या कुंड्या, एका दारात खुर्ची टाकून बसलेली आजी, आणि बाकी शांतता. म्हणजे खरंच शांतता, आमच्याच पावलांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. आजूबाजूच्या वाड्यावस्त्या धरून सगळ्या पंचक्रोशीची लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास, आणि तटाच्या आत राहणारी माणसं तर त्यातली थोडीच. गाव समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरवर आहे, त्यामुळे कड्यावर जाऊन उभं राहिलं की खाली टायबरचं अख्खं खोरं आणि पलीकडच्या टेकडीवर तोदी शहर. आम्ही तिथे कठड्यावर बसून सकाळी पेरूजाहून बांधून आणलेली तोर्ता अल तेस्तो खाल्ली. तोर्ता म्हणजे काय तर गोल, जाड, तव्यावर भाजलेली रोटी, मधोमध चिरून आत भाजी नाहीतर चीज भरतात. तेस्तो हे त्या तव्याचंच नाव. आपल्या भाकरीची लांबची बहीणच म्हणायची, मी तर दोन खाल्ल्या.

आणि मग लेक मला एका साध्याशा दारापाशी घेऊन गेली. बाहेरून बघाल तर गावातल्या दुसऱ्या कुठल्याही इमारतीसारखं, लक्षही जाणार नाही. तिने आधी फोन करून वेळ ठरवून ठेवली होती. दार उघडलं, आतून एक साठीच्या बाई आल्या, हसल्या, आणि आम्हाला घेऊन अंधारात शिरल्या. मग त्यांनी दिवे लावले.

अहो, नाट्यगृह! अख्खं, पुरेपूर, खरंखुरं नाट्यगृह, पण ओंजळीत मावेल एवढं. समोर पडदा, खाली खुर्च्या, आणि तिन्ही बाजूंनी लाकडी बॉक्सचे, म्हणजे प्रेक्षकांनी बसायच्या छोट्या छोट्या कप्प्यांचे, दोन मजले, रंगवलेले, त्यांच्यावर छोटे छोटे दिवे. खालच्या खुर्च्या ३७ आणि बॉक्समध्ये ६२, सगळ्या मिळून ९९. इटलीतली मोठमोठी ऑपेरा हाउस ज्या पद्धतीने बांधतात, म्हणजे घोड्याच्या नालेसारखा नाहीतर घंटेसारखा आकार आणि भोवती बॉक्सचे मजले, अगदी तीच पद्धत, फक्त ह्या गावाच्या मापाची. नाव तेआत्रो देल्ला कॉन्कॉर्दिया. कॉन्कॉर्दिया म्हणजे सलोखा. गावातल्या नऊ कुटुंबांनी मिळून हे बांधलं आणि १८०८ साली ते सुरू झालं. साल बघा हं, फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचे नेपोलियनचे दिवस, सगळीकडे नव्या विचारांचं वारं, आणि त्या वाऱ्यात एका टेकडीवरच्या नऊ घरांना वाटलं की आपल्या गावाला नाटकघर पाहिजे. आपल्याकडे सांगलीत पहिलं मराठी नाटक उभं राहिलं ते १८४३ साली, म्हणजे त्यानंतर पस्तीस वर्षांनी. हे मी लेकीला तिथल्या तिथे बोटांवर मोजून सांगितलं.

ते स्वतःला जगातलं सगळ्यात लहान थिएटर म्हणवतात. लुक्काजवळ व्हेत्रियानो नावाच्या गावात ह्याहून कमी खुर्च्यांचं एक आहे, त्यामुळे जाणकार लोक ह्याला इटालियन पद्धतीचं, घंटेच्या आकाराचं सगळ्यात लहान असं म्हणतात. मला त्या वादात काही रस वाटला नाही. मला आवडलं ते त्याचं माप. गावात जेवढी माणसं, जेवढी ऐपत, तेवढंच बांधलं, पण त्यात कमी काहीच ठेवलं नाही. पडदा आहे, विंगा आहेत, बॉक्स आहेत, मध्यंतरात बसायला वेगळी खोली सुद्धा आहे. त्या खोलीच्या भिंती १८९२ साली लुइजी आग्रेत्ती नावाच्या मुलाने रंगवल्या, तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. आतलं रंगकाम त्याच्या वडिलांचं, चेझारे आग्रेत्तींचं. बाप प्रेक्षागृह रंगवतोय आणि पोराला त्याने शेजारची खोली दिलीय, घे, ही तुझी. मी त्या खोलीत बराच वेळ उभी होते.

बाईंनी पुढचं सांगितलं ते मी लेकीला शब्द न् शब्द सांगायला लावलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत जिना लोलोब्रिजिदाचं कुटुंब समोरच्या तोदीत राहत होतं, आणि पुढे जगभर गाजलेल्या ह्या नटीने १९४५ साली, अठराव्या वर्षी, ह्याच एवढ्याशा स्टेजवर पहिल्यांदा काम केलं. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५१ मध्ये, थिएटर बंद पडलं. इमारत धोकादायक झाली होती. लाकूड कुजायला लागलं, छप्पर जायची वेळ आली, आणि गाव तर रिकामंच होत चाललेलं, तरुण पोरं शहरात गेलेली. तेव्हा राहिलेल्या गाववाल्यांनी आपापसात पैसे घालून आधी छप्पर वाचवलं. छप्पर वाचलं म्हणून भिंती वाचल्या, आणि मग सरकारी पैसा येऊन दुरुस्ती होऊन १९९३ साली पडदा परत वर गेला. बेचाळीस वर्षं! आज गावातलेच लोक स्वयंसेवक म्हणून ते चालवतात, दार उघडतात, झाडतात, पाहुण्यांना दाखवतात, प्रयोग लावतात. ह्या बाई त्यातल्याच एक.

मी वर बॉक्समध्ये जाऊन बसले. तिथून स्टेज इतकं जवळ की नटाच्या कपाळावरचा घाम दिसेल. मी सवयीने दिवे बघायला लागले, कुठून येतात, सावली कुठे पडेल, इथे मी असते तर काय केलं असतं, आणि लक्षात आलं की इथे फार काही करायचंच नाही, दोन-चार दिवे आणि चेहरे, बस. खालून लेक कुजबुजली, आई, ऐकू येतंय का, आणि ती कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं. एवढं लाकूड सगळीकडे असलं की आवाज कसा गोल होऊन येतो ते आमच्या केशवरावमध्ये ज्यांनी माइकशिवाय नाटक ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

खाली आल्यावर बाई म्हणाल्या, तुम्ही पण थिएटरवाल्या का, तुमच्या बघण्यावरून वाटलं. मग मी सांगितलं. लेक भाषांतर करत होती आणि मध्येच तिचा पण आवाज जड झाला. मी सांगितलं की आमच्या गावात एक राजा होता, शाहू महाराज, तो १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्यारोहणासाठी युरोपात आला होता आणि तुमच्या रोममधलं गोल रिंगण बघून त्याने घरी गेल्यावर कुस्तीचं मैदान बांधलं, खासबाग, आणि त्याच्या पाठीला लागून नाटकाचं थिएटर, १९१५ साली. ते आमचं थिएटर जळलं. बाई काही बोलल्या नाहीत. माझा हात हातात घेतला आणि थोड्या वेळाने फक्त तीन-चार शब्द म्हणाल्या, कॉम एरा, दॉव्ह एरा.

लेकीने अर्थ सांगितला: जसं होतं, जिथे होतं. व्हेनिसमधला सान मार्कोचा मनोरा कोसळला तेव्हा लोकांनी हेच म्हटलं आणि तो होता तिथेच तसाच परत बांधला. (तो कोसळल्याचं साल मी रात्री शोधलं, तर १९०२ च निघालं, महाराज युरोपात होते तेच.) मग १९९६ साली व्हेनिसचंच ला फेनिचे हे ऑपेरा हाउस जळून खाक झालं तेव्हाही हेच म्हटलं, आणि जुने फोटो, जुनी रेखाटनं काढून ते पुन्हा बांधून २००३ च्या डिसेंबरमध्ये उघडलं. जवळजवळ आठ वर्षं लागली. मी ते चार शब्द मोबाइलमध्ये देवनागरीत लिहून घेतले.

निघताना बाई म्हणाल्या, स्टेजवर जा की. मी चप्पल काढली. आपण जातो तसंच, आधी वाकून फळीला हात लावून कपाळाला लावला. हे काय म्हणून त्यांनी विचारलं नाही, त्यांना कळलं असावं. मग मला म्हणाल्या, तुमच्या भाषेत काहीतरी बोला, ह्या भिंतींनी ती कधी ऐकली नसेल. मला काहीच सुचेना, सव्वीस वर्षं मी विंगेत आणि दिव्यांपाशी, स्टेजवर उभं राहून बोलायची सवयच नाही. शेवटी जे प्रत्येक प्रयोगाआधी मी ऐकत आले तेच तोंडातून आलं: तिसरी घंटा झालीय, प्रेक्षकांनी कृपया आपापल्या जागेवर बसून घ्यावं. लेक पळत जाऊन पहिल्या रांगेत बसली.

तर एवढंच, तीन तास. परत जाताना वेशीजवळ ती आजी अजून तशीच बसली होती, तिने हात हलवला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पेरूजा किंवा तोदीत मुक्काम करा, गाडी हवीच, आणि थिएटर बघायचं तर आधी फोन करून जा, नाहीतर दार बंद मिळेल. दुपारी जेवणाच्या वेळी गाव सगळं झोपतं, त्यामुळे सोबत खायला ठेवा. मी तिकडे प्रयोग मात्र बघितला नाही, तो राहिलाय. लेकीला सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला आधी तिकिटं काढ, नव्याण्णवातली दोन, वरच्या बॉक्समधली.