पिशवीत रंगलेले डॉलर

एकाच सालचे, एकाच टाकसाळीत पाडलेले चांदीचे दोन डॉलर शेजारीशेजारी मांडलेले असतात आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या दहापट असते. नवख्या माणसाला वाटतं, महागड्या नाण्यात सोनंबिनं मिसळलं असेल. तसं काही नसतं. चांदी तेवढीच, ठसाही तोच. महागडं नाणं फक्त काळं पडायला निघालेलं असतं आणि वाटेत कुठेतरी निळ्या-केशरी मुक्कामावर रेंगाळलेलं असतं. त्या रेंगाळण्याचे पैसे. इकडे अमेरिकेत त्याला टोनिंग म्हणतात, आणि हॉटेलांच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरतो तिथे मी त्यासाठी आनंदाने खिसा हलका करून येतो.

यात सगळ्यात देखणे मॉर्गन डॉलर. जॉर्ज मॉर्गन हा इंग्लंडहून फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत आलेला, ठसे कोरणारा कारागीर. त्याने एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचा भरल्या गालांचा चेहरा कोरला, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. हे नाणं १८७८ ते १९०४ आणि पुढे १९२१ मध्ये निघालं. ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं, वजन २६.७३ ग्रॅम. तळहातावर ठेवलं की पैसा म्हणजे काय ते कळतं.

गंमत अशी, की हा डॉलर फारसा कोणाला नकोच होता. नेवाडातल्या खाणींमधून चांदी बदाबदा निघत होती, भाव पडत होते, आणि खाणवाल्यांचं राजकारणात वजन होतं. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारवर दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडण्याची सक्ती केली. टाकसाळी खडखडत राहिल्या. पण एवढं वजन खिशात घालून हिंडणार कोण? पूर्वेकडच्या शहरांत लोक कागदी नोटांवर खूश होते. मग एकेका जाड कापडी पिशवीत हजार-हजार नाणी भरायची, तोंड बांधायचं आणि तिजोरीच्या तळघरात पिशवीवर पिशवी रचायची, असा कारभार चालला. काही पिशव्या साठ-सत्तर वर्षं तशाच पडून राहिल्या.

नाणी तिथे रंगली. कापडातलं, हवेतलं गंधक चांदीला लागलं की तिच्यावर सल्फाइडचा कल्पनेपलीकडचा पातळ थर धरतो. या थराला स्वतःचा रंग असा जवळजवळ नसतोच. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जसे रंग फिरतात तसाच हा खेळ: थोडा प्रकाश थराच्या वरून परततो, थोडा खालून, आणि दोघांच्या भेटीत काही रंग मरतात, काही उठून दिसतात. थर वाढतो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात. आधी फिकट सोनेरी, मग केशरी, किरमिजी, जांभळा, निळा. पुढे पुन्हा पिवळा, किरमिजी, हिरवा. आणि थर फारच जाड झाला की काळाकुट्ट. तिथून परतीची वाट नाही.

माझ्याकडे सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचा १८८१ चा एक डॉलर आहे. दुर्मिळ अजिबात नाही. त्या सालचे लाखो निघाले. पण हा पिशवीच्या कडेला बसलेला असणार. देवीच्या गालावर भिंग धरलं की कापडाची वीण दिसते: बारीक आडवेउभे धागे, एक ओळ निळसर, एक गुलाबी, जणू गालावर उशीच्या अभ्र्याचे वळ उठलेत. डाव्या कडेला चंद्रकोरीएवढा भाग मात्र पांढराशुभ्र, कारण तिथे शेजारचं नाणं त्याला चिकटून होतं. आणि मागे गरुड लख्ख कोरा, जसा टाकसाळीतून निघाला तसा. रंगाखालून मूळची झळाळी फिरते. नाणं तिरकं केलं की प्रकाशाचे आरे चाकासारखे गरगरतात. ती झळाळी नसेल तर कितीही रंग असोत, नाणं मेलेलं.

अर्थात जिथे दहापट किंमत तिथे लबाडी आलीच. कोणी ओव्हनमध्ये नाणी भाजतो, कोणी गंधकाची धुरी देतो. दुपारभरात मोराचा पिसारा तयार. ओळखायचं कसं? रंगांचा क्रम चुकतो, निळ्याला लागून थेट पांढरं येतं. अक्षरांच्या, ताऱ्यांच्या उंचवट्याजवळ खरा रंग जरा बिचकतो, कडेने बारीकशी मोकळी रेघ सोडतो. खोटा रंग सगळ्यावरून सारखाच वाहत जातो. तपासणी करून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्याही संशय आला की नाणं नाकारतात. पण रसायन तर दोन्हीकडे तेच ना? तेच. फरक एवढाच, की एकात कोणाचा हेतू नव्हता. नाण्याला हेतू काय कळतो म्हणा! तरी मी तळघरातल्या नाण्यालाच पैसे देईन, हा माझा अडाणीपणा समजा.

या डॉलरांच्या भावंडांची एक गोष्ट मात्र थेट आपल्याकडे येते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटांवर भरवसा ठेवेनात. नोट पुढे करून चांदीचे रुपये मागू लागले, आणि सरकारी खजिन्यात रुपये संपत आले. इंग्रजांनी अमेरिकेकडे धाव घेतली. १९१८ मध्ये पिटमन कायदा झाला आणि तळघरांतले २७ कोटींहून अधिक डॉलर भट्टीत गेले. त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी होती, रुपये पाडायला. एका डॉलरच्या चांदीत साधारण सव्वादोन रुपये व्हायचे. म्हणजे जे डॉलर वाचले ते रंगले. जे वितळले ते पंचम जॉर्जचा मुकुट घालून बाजारात फिरले, झिजले, पुढे कित्येकांचे तोडे-वाळे झाले.

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या डब्यात असे पाच-सहा रुपये आहेत. त्यातला एक १९१८ चा. मागे खालच्या कमळाजवळ बारीक ठिपका आहे, म्हणजे मुंबई टाकसाळीचा. त्यात मॉर्गनच्या देवीचा अंश असेल का, हे आता त्या चांदीलाही सांगता येणार नाही. दर दिवाळीला आई हे रुपये चिंचेने, मग दात घासायच्या पांढऱ्या पावडरने लखलखीत करते. राजाच्या दाढीचे केस कधीच गुळगुळीत झालेत. मागच्या खेपेला मी तिला समजावायला गेलो, की घासू नकोस, रंग धरू दे, जगात त्याला केवढा भाव आहे. ती म्हणाली, "वर्षाच्या सणाला लक्ष्मीपुढे कळकट नाणं मांडू?" मग तिने माझ्या डॉलरचा फोटो पाहिला आणि केवढ्याला घेतलास म्हणून विचारलं. मी एक शून्य कमी करून सांगितलं. तरीही तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दे इकडे आणून, दोन मिनिटांत घासून देते."