बाराव्या पिनची तळटीप

सांगली, रविवार, रात्र

एका मुक्तस्रोत (ओपन सोर्स) प्रकल्पाच्या दस्तऐवजीकरणात माझी दुरुस्ती आज समाविष्ट झाली. ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक चिपवर मायक्रोपायथॉन (अशा चिपसाठीची पायथॉन भाषा) वापरून रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, कसा चालवावा, हे शिकवणाऱ्या पानावर मी एक परिच्छेद वाढवला आणि पिनच्या तक्त्याखाली दडलेली इशाऱ्याची तळटीप उचलून उदाहरणाच्या आधी आणली. कामाचा पसारा एवढाच असला, तरी त्यामागचे कारण नोंदवून ठेवावेसे वाटते.

तासगावजवळ माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. ठिबकचा व्हॉल्व्ह वेळेवर उघडावा म्हणून त्याने त्या पानावरचे उदाहरण जसेच्या तसे उतरवले आणि जीपीआयओ १२ (चिपची १२ क्रमांकाची इनपुट-आउटपुट पिन) या पिनला रिले जोडला. घरी टेबलावर सगळे सुरळीत चाले. बागेत मात्र वीज जाऊन परत आली की बोर्ड सुरूच होत नसे. “दादा, बोर्डच फालतू निघाला,” हा त्याचा निष्कर्ष. (शेतात काहीही बंद पडले की पहिला आळ वस्तूवर येतो, तसाच हा.) बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणाऱ्या सिरियल मॉनिटरवर ‘फ्लॅश रीड एरर’ उमटलेली पाहिल्यावर मला पिनचाच संशय आला.

ही चिप चालू होते त्या क्षणी जीपीआयओ १२ वरची व्होल्टेजची पातळी वाचते आणि प्रोग्राम साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीला ३.३ व्होल्ट द्यायचे की १.८ व्होल्ट, हे त्यावरून ठरवते. पिनवरची पातळी वर (हाय) असेल तर १.८ व्होल्ट मिळतात. सर्रास मिळणाऱ्या बोर्डांवरची फ्लॅश ३.३ व्होल्टची असल्यामुळे ती मग वाचताच येत नाही. ‘लो ट्रिगर’ जातीचे (इनपुट खाली गेल्यावर चालू होणारे) रिले मोड्यूल आपली इनपुट तार स्वतःच वर ओढून धरते आणि चिपच्या आतला, पिन खाली ओढणारा रेझिस्टर त्यापुढे दुबळा ठरतो. टेबलावर मामेभाऊ आधी बोर्ड चालू करी, रिलेची वीज नंतर जोडी, आणि पुढचे सगळे प्रयोग कंट्रोल-डी दाबून सॉफ्ट रीसेटवर (वीज न तोडता प्रोग्राम पुन्हा सुरू करण्यावर) चालत, ज्यात ही पिन पुन्हा वाचली जात नाही. बागेत दोन्हींना वीज एकदमच मिळे.

म्हणजे माहिती पानावर त्या तळटीपेत होती, उत्पादकाच्या डेटाशीटमध्येही (चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकात) आहे. पण ती वाचणाऱ्याच्या वाटेत नव्हती. संगणकावरच्या लायब्ररीचे दस्तऐवज अपुरे असले, तर चूक बहुधा तिथल्या तिथे पडद्यावर दिसते. इथे पान वाचले जाते घरी आणि त्याचा परिणाम दिसतो शिवारात, वीज परत आल्यावर. म्हणून माझे मत असे, की नुसता कोड देणारे उदाहरण अर्धेच असते. कोणत्या जातीचे मोड्यूल, कोणती पिन आणि वीज कुठून घेतली, हे त्याच्या शेजारीच लिहिलेले असावे. हार्डवेअरची माहिती डेटाशीटपुरती ठेवावी, असे म्हणणारे जुने योगदानकर्ते आहेत. पाने फुगत जातात ही त्यांची तक्रार खरी आहे. परंतु उदाहरण उतरवून घेणारा नवखा माणूस डेटाशीट उघडत नाही, हेही तितकेच खरे आहे.

तपासणाऱ्या परीक्षकाने मात्र माझ्यापेक्षा सरळ विचार केला. इशारा देऊन थांबण्याऐवजी उदाहरणातली पिनच बदला, असे त्याने सुचवले. मग मी तिथे जीपीआयओ २६ घेतली, बोर्डाची वीज रिलेसकट बंद-चालू करून पाहिली आणि मगच पुल रिक्वेस्ट (बदल समाविष्ट करण्याची विनंती) सुधारली. परिच्छेद कोणत्या चिपला लागू आहे हे पहिल्याच वाक्यात यावे, हाही आग्रह त्याचाच. कारण चालू होताना वाचल्या जाणाऱ्या अशा पिन ईएसपी३२-सी३ या चिपमध्ये २, ८ आणि ९ आहेत, तर ईएसपी३२-एस३ मध्ये ०, ३, ४५ आणि ४६. त्या दोन्ही चिपचे बोर्ड माझ्याजवळ नाहीत. त्यामुळे त्यांची पाने मी तशीच ठेवली आणि ज्याच्याकडे ते बोर्ड असतील त्याने प्रत्यक्ष जोडून पाहावे, अशी नोंद प्रकल्पाच्या प्रलंबित कामांत केली आहे.