पाणी अर्धवट राहिलं होतं

भट्टी आणखी तापवली की पातं आणखी कडक होईल, या हिशेबाने मी आदल्या दिवशी १०८० ऐवजी ११२० अंश लावले होते. सकाळी कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर पहिलं पातं ठेवलं, तर काटा ५८ वर थांबला. दुसरंही ५८. पाचही तशीच. १०८० वर केलेल्या नमुन्याने ६० दाखवले होते आणि मला हवे होते ६२.

पोलाद एईबी-एल होतं, मूळचं दाढीच्या ब्लेडसाठी बनलेलं स्टेनलेस. कार्बन जेमतेम ०.६७ टक्के, क्रोमियम १३ च्या आसपास. धारेला याच्याइतकं गुणी पोलाद मी फार थोडं हाताळलंय, म्हणूनच ते ५८ जिव्हारी लागले. आधी संशय आला भट्टीत पात्यांना गुंडाळलेल्या फॉइलवर: कुठेतरी फट राहून वरच्या थरातला कार्बन जळाला असेल. एका पात्याचा पृष्ठभाग घासून काढला, परत मोजलं. तेच. मग त्याला धार लावून पाहिली. दगडावर बर आली, म्हणजे धारेच्या कडेला चढणारी धातूची बारीक पापडी, पण ती तुटेना. या बाजूने फिरवली की त्या बाजूला वळायची, ओल्या कागदासारखी.

आमच्या वर्कशॉपमधले काका बराच वेळ बघत होते. ते बर बोटाच्या नखावर घेऊन म्हणाले, "भट्टी वर नेऊ नकोस आता. याचं पाणी पुरं झालंच नाही. अजून गार करायला पाहिजे होतं."

पाणी देणं म्हणजे तापलेलं पोलाद झपाट्याने गार करून कडक करणं, आणि मी तर पाती ॲल्युमिनियमच्या प्लेटांमध्ये दाबून हाताला गार लागेपर्यंत थंड केली होती! पण गोम तिथेच होती. तापलेल्या पोलादाची रचना म्हणजे मऊ ऑस्टेनाइट; थंड होताना त्याचा कडक मार्टेन्साइट होऊ लागतो. हा बदल एका तापमानाला सुरू होतो आणि त्याच्या बऱ्याच खाली जाऊन संपतो. किती वेळ थांबलात याला फारसा अर्थ नाही, किती खाली गेलात ते महत्त्वाचं. भट्टी जितकी गरम, तितके कार्बाइड, म्हणजे कार्बन आणि क्रोमियमचे कठीण कण, जास्त विरघळतात, आणि विरघळलेला कार्बन आणि क्रोमियम ही दोन्ही तापमानं खाली ढकलतात. माझ्या ११२० अंशांनी शेवटचा टप्पा खोलीच्या तापमानाच्याही खाली गेला होता. पात्यात मऊ ऑस्टेनाइट तसाच शिल्लक होता.

दुपारी ड्राय आइस आणला. कापडात गुंडाळून हातोडीने चुरा केला, थर्माकोलच्या पेटीत स्टीलचं भांडं ठेवून त्यातल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मूठमूठ सोडला. घाई केली की फेसाळून वर येतो. दारं-खिडक्या सताड उघड्या, कारण कार्बन डायऑक्साइड जड असतो, खालीच साचतो; आणि अल्कोहोल पेटतो म्हणून भांडं भट्टीपासून लांब, बाहेरच्या ओट्यावर. बुडबुडे मंदावले तेव्हा थर्मामीटर उणे ७५ दाखवत होता. (द्रव नायट्रोजन उणे १९६ पर्यंत नेतो, पण आमच्या या कामाला ड्राय आइस पुरतो असं माझं मत आहे.)

नवं पातं १०८० वर तापवलं, प्लेटांमध्ये गार केलं, लांबी मोजली आणि लगेच बुडवलं. सोबत ५८ वाल्यांतलं एक. पाऊण तासाने बाहेर काढली तेव्हा दोन्हींवर पांढरं दव चढलं. खोलीच्या तापमानाला आल्यावर नव्याची लांबी परत मोजली. उणे ७५ मधून आलेलं पातं आखडलं नव्हतं, किंचित लांबलं होतं! मार्टेन्साइटला ऑस्टेनाइटपेक्षा जास्त जागा लागते, हे वाचलेलं होतं. कॅलिपरवर पाहिलं ते पहिल्यांदाच.

मग टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला हलकं तापवणं: १७५ अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. रात्री नवं पातं मशीनवर ठेवलं: ६२. जुनं ५९. टेंपरिंग होऊन रात्रभर पडून राहिल्याने त्यातला ऑस्टेनाइट स्थिरावला होता, आता थंडीला दाद देत नव्हता. थंडी द्यायची तर पाणी दिल्या दिल्या, टेंपरिंगच्या आधी.

६२ वाल्याला धार लावली. बर आली, लाकडाच्या कडेवरून एकदा ओढली आणि तुटून गेली. उरलेली पाचही पाती नरम करायला भट्टीत लावली, आणि सकाळसाठी आणखी ड्राय आइस सांगून ठेवला.